उल्हासनगर: घड्याळ बघून खायचं गाव

उल्हासनगरला बाहेरून येणारी बहुतेक माणसं जीन्स, फर्निचर, लग्नाचे कपडे नाहीतर पापड घ्यायला येतात. खरेदी आटपेपर्यंत दुपारचे दोन वाजतात, मग समोर दिसेल त्या हॉटेलात पनीर आणि नान मागवतात आणि "तिथे खायला काही खास नाही" असं सांगत परत जातात. इथलं सिंधी खाणं हॉटेलच्या मेन्यूकार्डावर फारसं सापडत नाही. ते हातगाडीवर, मिठाईच्या दुकानाच्या ओट्यावर आणि एका पदार्थावर चालणाऱ्या गाळ्यांत आहे, आणि प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. सकाळचा पदार्थ दुपारी मागितला तर नकार मिळतो, किंवा उरलंसुरलं मिळतं. म्हणून ही सहल शनिवार दुपार ते सोमवार दुपार अशी आखली, कारण मधली रविवारची सकाळ चुकवून चालत नाही.

शनिवार

आधी गाडीचं. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे होतात. कर्जत, खोपोली, बदलापूर, अंबरनाथ लोकल विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर स्टेशनला थांबते. कसारा, आसनगाव, टिटवाळा लोकल तिकडे जातच नाही, ती शहाडला थांबते. गाव कॅम्प 1 ते 5 अशा भागांत वाटलेलं आहे. शहाडहून कॅम्प 1 जवळ पडतो. उल्हासनगर स्टेशनच्या पश्चिमेला कॅम्प 3 आणि पुढे 2 लागतो. कॅम्प 4 आणि 5 रुळांच्या पूर्वेला आहेत, 4 साठी विठ्ठलवाडी सोयीचं. रिक्षावाल्याला दुकानाचं नाव सांगण्यापेक्षा कॅम्पचा आकडा आणि चौक सांगावा: "कॅम्प दोन, नेहरू चौक", "कॅम्प तीन, सतरा सेक्शन", "कॅम्प चार, लालचक्की". पत्ते अजूनही सेक्शन आणि बॅरेक नंबरवर चालतात.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती, त्या बॅरेकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा मिळाली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या नगराची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं. खाण्याच्या दृष्टीने यातलं महत्त्वाचं एवढंच की एका बॅरेकीत शिकारपूरचं कुटुंब, शेजारी सिंधमधल्याच हैदराबादचं, पलीकडे लाडकाण्याचं अशी माणसं आली. त्यामुळे एकाच पदार्थाच्या दोन गाड्यांवर दोन चवी लागतात आणि दोन्ही बरोबर असतात.

चार वाजता गाड्या लागायला सुरुवात होते. पहिला मान सन्ना पकोड्याचा. बेसनात बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, अनारदाणा, भरडलेले धणे घालून पीठ घट्टच ठेवतात, आपल्या भज्यांसारखं सैल करत नाहीत. त्याचे मोठे गोळे मंद तेलात अर्धेकच्चे तळून बाहेर काढतात आणि ताटात थंड होऊ देतात. गिऱ्हाईक आलं की गोळा हाताने मोडून चार-पाच तुकडे करायचे आणि कडकडीत तेलात पुन्हा सोडायचे. मोडलेल्या खडबडीत कडा कुरकुरीत होतात, आतला भाग मऊ राहतो. गाडीसमोर उभं राहून एवढंच बघायचं की दुसरं तळण आपल्यासमोर होतंय का. आधीच दोनदा तळून ठेवलेला ढीग असेल तर पुढची गाडी बघावी, कारण ते पकोडे दहा मिनिटांत तेलकट आणि चिवट होतात. पाव बरोबर मिळतो, पण पहिली प्लेट नुसती, हिरव्या चटणीशी खावी.

दुसरा पदार्थ भे, म्हणजे कमळाचं देठ, आपली कमळकाकडी. मातीच्या मडक्यात बंद करून अगदी मंद आचेवर तासन् तास शिजवलेली भे काही गाड्यांवर मिळते, तिला कुन्ने जी भे म्हणतात. गाडीवाला देठाचे काप करतो, वरून तिखट-आंबट मसाला आणि चटणी लावून देतो. चांगल्या भेचा तुकडा तोडला की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे ताणले जातात. दाताखाली कचकच आली तर भोकांत चिखल राहिला आहे, ती प्लेट तिथेच ठेवावी. हा दोष शिजवण्याचा नसतो, निवडण्याचा आणि धुण्याचा असतो. त्याबद्दल सोमवारच्या बाजारात सविस्तर. भेचा हंगाम थंडीचा. उन्हाळ्यात ती बारीक आणि रेषाळ येते.

संध्याकाळी सातच्या सुमाराला छोला डबल. सिंधीत डबल म्हणजे डबलरोटी, पाव. पावाचे तुकडे खोलगट ताटलीत पसरून वर पातळ छोल्यांचा गरम रस्सा ओततात, मग कांदा, चिंचेची चटणी, लिंबू. आपण मिसळीत पाव बुडवतो, इथे पाव आधीच बुडालेला येतो आणि तो लगेच खायचा असतो. पार्सल अजिबात घेऊ नये, घरी लगदा पोचतो. ताज्यापेक्षा कालचा पाव इथे बरा, तो रस्सा पितो पण विरघळत नाही.

रात्री आठनंतर मटण. सेयल आणि भुगल हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. सेयल म्हणजे कांदा किंवा कोथिंबीर-लसणाच्या वाटणात, जवळजवळ पाणी न घालता, झाकण ठेवून शिजवलेलं. किलोभर मटणाला अर्धा ते पाऊण किलो कांदा लागतो, आणि रस्सा म्हणून जे दिसतं ते त्या कांद्याचं आणि मटणाचं स्वतःचं पाणी. भुगलमध्ये कांदा आणखी परतून पार विरघळवतात, मसाला अंगाला चिकटलेला येतो. वर लाल तवंग आणि खाली पातळ पाणी दिसलं तर ते नेहमीचं हॉटेलचं मटण आहे, नाव काहीही असो. बरोबर तंदुरी रोटीऐवजी साधा फुलका किंवा पाव घ्यावा. मासे खाणाऱ्यांनी समुद्राच्या माशाची अपेक्षा ठेवू नये. सिंधी माणसाचा जीव नदीच्या माशावर, काटे असले तरी. तळलेले जाड काप मागावेत आणि भाताबरोबर न खाता हातात धरून काटे काढत खावेत.

रविवार

डाळ-पकवानचा दिवस. गाड्या सातच्या आसपास लागतात. साडेआठ ते साडेनऊ सगळ्यात जास्त गर्दी, आणि अकरापर्यंत चांगल्या गाडीवरचं पातेलं खाली लागलेलं असतं. एरवीच्या वारीही मिळतं, पण रविवारी मोठं पातेलं चढतं, पकवान सतत तळला जातो, त्यामुळे शिळं समोर येण्याची शक्यता कमी. नेहरू चौक आणि गोल मैदानाच्या परिसरात, तसंच कॅम्प 4 आणि 5 च्या चौकांत, कोपऱ्याकोपऱ्यावर पर्याय आहेत. घरी न्यायला स्टीलचे डबे घेऊन उभी असलेली माणसं ज्या गाडीपुढे दिसतील, ती निवडावी.

पकवान म्हणजे मैद्याची मोठी, पातळ, कडक पुरी. दोन वाट्या मैद्याला तीन-चार मोठे चमचे तेलाचं मोहन, अर्धा चमचा जिरं, चिमूटभर ओवा, भरडलेली मिरी, मीठ. पीठ पुरीच्या पिठापेक्षा घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवायचं. लाटल्यावर काट्याने किंवा सुरीच्या टोकाने सगळीकडे टोचे मारायचे. टोचे मारायचे राहिले तर ती फुगते, आत वाफ राहते आणि पाच मिनिटांत मऊ पडते. तेल मध्यमाहून कमी तापलेलं हवं आणि एका पकवानाला तीन-चार मिनिटं द्यायला हवीत. तेल जास्त तापलं तर वरून रंग येतो आणि मध्यभाग चामट राहतो. गाडीवर पकवान हातात आला की आधी मोडून बघावा: कट्कन तुटला पाहिजे. पावसाळ्यात हीच मोठी अडचण, दमट हवेत उघड्यावर ठेवलेला पकवान नरमतो. त्या दिवसांत डब्यातून काढून देणारी गाडी शोधावी.

डाळ हरभऱ्याची. तासभर भिजवून, हळद-मीठ घालून दोन-तीन शिट्ट्या. दाणा अखंड दिसला पाहिजे, पण बोटाने दाबला की पीठ झाला पाहिजे. पातेल्यात डावाने थोडीशी घोटून सरबरीत करतात, वरून तूप-जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी, लाल तिखट आणि आमचूर. डाळीत गूळ नाही, खोबरं नाही, कांदा-टोमॅटोचं वाटण नाही. त्यामुळे पहिला घास मराठी जिभेला सपक वाटू शकतो. तिची चव वरच्या तीन गोष्टींनी पुरी होते: चिंचेची गोड-आंबट चटणी, हिरवी चटणी, बारीक चिरलेला कच्चा कांदा. त्या आधीच पकवानावर ओतायला सांगू नयेत. डाळ वाटीत, चटण्या डाळीवर, पकवान बाजूला. तुकडा मोडायचा, डाळ उचलायची, तोंडात टाकायची. पार्सल घेताना चारही गोष्टी वेगळ्या बांधून मागाव्यात आणि पकवान कागदात, प्लास्टिकमध्ये नाही. गरम पकवान प्लास्टिकमध्ये घामेजतो. एका माणसाला दोन पकवान भरपूर होतात.

सकाळचे आणखी दोन पदार्थ मुद्दाम विचारून घ्यावे लागतात, कारण ते मुख्यतः घरचे. एक सेयूं-पटाटा: तुपात परतून साखरेच्या पाण्यात शिजवलेल्या शेवया, वेलची, आणि बरोबर तिखट-मिठाचे तळलेले बटाटे. गोड आणि तिखट एकाच घासात खायचं. दुसरा कोकी, जाड कणकेची, कांदा-मिरची-कोथिंबीर-अनारदाणा घातलेली भाकरीएवढी रोटी. कोकीचं तंत्र नीट बघण्यासारखं आहे. गोळा जाडसर लाटून तव्यावर दोन्ही बाजूंनी जेमतेम शेकतात, मग तो पुन्हा गोळा करून दुसऱ्यांदा लाटतात, आणि आता तेल-तूप सोडत मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजतात. दुसऱ्या लाटण्याने ती खुसखुशीत होते. आच वाढवली तर कडा करपतात आणि मध्ये कच्ची राहते. दही आणि भाजलेला पापड, एवढंच बरोबर. लोणी कोणी देऊ केलं तर घ्यावं.

सकाळी पकवान खाल्ल्यावर दीडपर्यंत भूक लागत नाही. तेवढ्या वेळात कॅम्प 4 मधून रिक्षाने अंबरनाथचं शिवमंदिर करता येतं. वालधुनी नदीकाठचं, शके 982 म्हणजे इसवी सन 1060 चं, बाहेरच्या भिंतीवरच्या कोरीव कामासाठी दोन तास कमीच पडतात. पण आपला विषय जेवण, म्हणून एक वाजता परत.

रविवार दुपार कढी-चावलची. नाव ऐकून ताकाची कढी डोळ्यांपुढे आणू नये, सिंधी कढीत दही-ताक अजिबात नसतं. तेलात मेथीदाणे, जिरं, कढीपत्ता, मग चार मोठे चमचे बेसन, आणि ते बेसन तांबूस होऊन खमंग वास सुटेपर्यंत हलवत राहायचं. घाईत फिकट राहिलेल्या बेसनाची कढी कच्ची लागते आणि ती कितीही उकळली तरी सुधारत नाही. मग पाच-सहा वाट्या पाणी, शेवग्याच्या शेंगा, गवार, बटाटा, गाजर. भेंडी वेगळी तळून शेवटी, नाहीतर सगळ्याला तार सुटते. चिंचेचा कोळही भाज्या शिजल्यावरच पडतो. आंबट आधी घातलं की भाज्या आणि डाळी मऊ व्हायला फार वेळ घेतात. घरी ही कढी करणाऱ्यांची गवार कडक राहते ती याच कारणाने. बरोबर साधा भात, आणि आलू टुक. बटाट्याच्या जाड फोडी मीठ लावून मंद तेलात शिजेपर्यंत तळायच्या, गार करायच्या, वाटीने दाबून चपट्या करायच्या आणि तापल्या तेलात दुसऱ्यांदा तळायच्या. वरून तिखट, धणेपूड, आमचूर. गरम असताना दाबल्या तर भुगा होतो. काही घरी आणि काही ठिकाणी कढी-भातासोबत गोड बुंदीही वाढतात. ती शेवटी न खाता मध्येमध्ये खावी.

कढी नको असेल तर साई भाजी आणि भुगा चावल, म्हणजे तपकिरी परतलेल्या कांद्यातला भात. साई म्हणजे हिरवी. दोन जुड्या पालक, अर्धी जुडी आंबट चुका, मूठभर शेपू, पाव वाटी हरभरा डाळ, एक बटाटा, एक वांगं, एक टोमॅटो. सगळं एकत्र शिजवून रवीने घोटायचं आणि लसणाची फोडणी. इथेही तीच अडचण: चुका आणि टोमॅटो आंबट, म्हणून डाळ आधी निदान अर्धा तास भिजवलेली हवी. ताटात डाळ टणक लागली तर समजावं की ती घाईने भिजवल्याशिवाय घातली आहे. शाकाहारी माणसाला या गावातलं एकच जेवण निवडायचं असेल तर माझ्या मते हेच निवडावं.

संध्याकाळ मिठाईच्या दुकानांत. वर्षभर मिळणारी म्हणजे सिंगर जी मिठाई, सेव बर्फी. बेसनाची बारीक शेव साखर-मावा-दुधात शिजवून थापलेली. कापल्यावर शेवेचे धागे दिसले पाहिजेत आणि तुकडा ओलसर हवा. मावा भरपूर असल्याने दोन दिवसांत संपवावी, उन्हाळ्यात त्याच दिवशी. बाकीचं मात्र मोसमावर. होळीच्या आधी काही आठवडे घीयर दिसते, जिलबीच्या जातीची पण ताटलीएवढी, आणि मावा भरलेली पदरांची प्राघरी. थंडीत माजून, सुका मेवा, खसखस, मावा यांचा जड गोड प्रकार, वाटीभर घेतला तरी पुष्कळ. श्रावण वद्य सप्तमीच्या सुमारास थडरी हा सिंधी सण असतो. त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी केलेली गोड लोली आणि कोकी थंड खातात. त्या आठवड्यात लोली विकतही मिळते. आणि चेटीचंड, म्हणजे सिंधी नववर्ष, बहुतेक वर्षी गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा रस्त्यावर प्रसादाचा गोड केशरी भात, ताहिरी, हातावर पडतो. कॅम्प 5 मधलं चालिया मंदिर 16 जुलैपासून चाळीस दिवसांच्या व्रतात गजबजलेलं असतं. त्या काळात रिक्षा मिळायला वेळ लागतो, हे धरून निघावं.

सोमवार

सकाळी हलकं खाऊन बाजार. पापड आधी बघावेत. सिंधी पापड उडदाचा, जाडी भरडलेली मिरी आणि जिरं घातलेला. लसणाचा आणि लाल मिरचीचाही येतो. सिंधी घरात पाहुण्यापुढे पाण्याबरोबर पापड येतो आणि जेवणाच्या शेवटीही येतो, त्यामुळे दुकानदाराला त्याची पारख असते आणि गिऱ्हाइकालाही असावी असं तो धरून चालतो. ताजा पापड हळूच वाकवला तर वाकतो, चिरत नाही. वाकवताच तुटला तर तो जुना आणि अतिसुका आहे. बोटाला चिकटला तर ओल राहिली आहे, महिन्याभरात बुरशी धरेल. अर्धा किलो घेण्याआधी एक भाजून मागावा. चिमट्यात धरून थेट आचेवर, सतत फिरवत, दोन्ही बाजू मिळून अर्ध्या मिनिटात होतो. घरी नेल्यावर तासभर उन्हात आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात.

लोणच्यांत दोन घेण्यासारखी. एक पाण्यातलं: गाजर, सलगम, फ्लॉवर, लसूण, मोहरीची पूड घातलेल्या खारट पाण्यात तीन-चार दिवस उन्हात आंबवलेलं. तेल नसल्याने ते टिकत नाही, प्रवासात सांडतंही. जवळ राहणाऱ्यांनीच घ्यावं. दुसरं कैरीच्या मसालेदार किसाचं, मलमलच्या छोट्या पुरचुंड्यांत बांधून मुरवलेलं. एका जेवणाला एक पुरचुंडी सोडायची. हे पुण्या-नाशिकपर्यंत निर्धास्त जातं.

भाजीबाजारात भे. दोन्ही टोकांच्या गाठी शाबूत असलेले देठ निवडावेत. गाठ तुटली की चिखल आत शिरतो आणि मग कितीही धुतलं तरी पुरता निघत नाही. जाड, फिकट, वजनाला भरीव असा देठ मऊ शिजतो. घरी साल खरवडून, काप करून, प्रत्येक भोकातून नळाची धार सोडायची आणि कापसाची काडी फिरवायची. पाच-सहा शिट्ट्या लागतात, बटाटा नंतर घालावा. पावसाळ्यात इथेच कमळाच्या हिरव्या बोंडांचे ढीग दिसतात. बोंड फोडून आतल्या बिया सोलायच्या आणि बीच्या मधला हिरवा कोंब काढून टाकायचा, तो कडू असतो. उरलेला पांढरा गर कच्चाच खातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेवग्याची फुलं मिळतात. ती दोन पाण्यांत उकडून पिळल्याशिवाय कडवटपणा जात नाही.

कापड घ्यायचं असेल तर कॅम्प 2 मधलं गजानन मार्केट आणि जपानी बाजार याच टापूत आहेत, पण खाण्याच्या पिशव्या हातात घेऊन त्या गर्दीत शिरू नये.

परतीच्या शिदोरीला कोकी. दोन वेळा भाजलेली असल्याने दुसऱ्या दिवसापर्यंत छान राहते, मात्र पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात बंद करायची नाही. सेव बर्फी सगळ्यात शेवटी घ्यावी. पापड सामानात वरच्या बाजूला, सपाट. आणि गाडी दुपारी तीनच्या आत पकडावी. संध्याकाळच्या गर्दीत लोकलमध्ये पापडाचं पुडकं शाबूत राहत नाही.